अब्दुल रहीमची रेंगी आणि बुजलेला पाट

कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालांत दर्यापूरकडच्या झाडून साऱ्या गाडीवानांनी जड गाड्या बांधल्या आणि अकोल्याची वाट धरली. अब्दुल रहीम तेवढा माणसं नेणाऱ्या हलक्या रेंगीवर राहिला. म्हणायचा, "कापूस बोलत नाही. मले वाटेनं बोलणारं माणूस लागते."

त्या दिवशी रेंगीत त्याची बायको आमिना होती, आणि ती गप्प होती. तिची थोरली बहीण रजियाबी नवऱ्यासोबत कायमची हैदराबादेला निघणार होती. उन्हं कलायच्या आत अचलपूर गाठलं तर भेट. नाहीतर मग कधीच नाही.

होळी होऊन गेली होती. अशा उन्हात चाकाचं लाकूड आक्रसतं आणि त्यावरची लोखंडी धाव सैल पडते. म्हणून गाडीवान आदल्या रात्री चाकं पाण्यात घालतात. रहीमनं घातली नाहीत. नवी सडक सोडून तो जुन्या नवाबी पाटाच्या वाटेनं निघाला होता. पाटातूनच रेंगी हाकायची, चाक चालता चालता पाणी पितं. आमिनाला लग्न करून आणलं ते याच वाटेनं; त्यानंतर तो इकडं फिरकला नव्हता.

वाट तशीच होती. चिंचांची सावली, बैलांचे घुंगरू, डोळ्यांवर येणारी झापड. पाट मात्र लोकांनी नांगरून त्यात कापूस पेरला होता. शेवटच्या वेचणीची बोंडं अशी फुलली होती, की वाटावं पाणीच फेसाळत चाललंय. रहीम त्या पांढऱ्या पाटाकडे पाहत गुणगुणत राहिला, आणि डावी धाव खणकन निखळून पडली.

शेतातून किसनराव हसत आला. "काहून रहीमभाई, चाकाची बांगडी निखळली वाटते!"

"तुमी पाट खाल्ला किसनराव, मंग माया चाकानं काय प्यावं?"

किसनराव ओशाळला. त्यानं रेंगीला खांदा दिला.

आमिना खाली उतरली. "पुढं उंबराखाली झिरा होता जी. आमी दोघी बहिणी तिथं पाय सोडून बसत होतो."

"हाय ना," किसनराव म्हणाला. "तेवढाच नांगराले बधला नाही."

दोघांनी चाक काढून त्यावर धाव पुन्हा चढवली, ते तिथवर लोटत नेलं आणि झिऱ्यात आडवं टाकलं. लाकूड सावकाश पाणी प्यायला लागलं. उन्हं कलली.

"मले वाटलं, पाट असंन," रहीम खालमानेनं म्हणाला.

"मलेबी," आमिना म्हणाली आणि तिनं झिऱ्यात पाय सोडले.

मावळतीला उत्तरेकडून घुंगरू वाजले. गाड्या येत होत्या. पुढचा गाडीवान करवादत होता, "चांगली सडक सोडून इकडं कोन येते! बाई म्हणते काय, तर चाकं भिजवा!"

त्याच्यामागून एक आवाज आला, "कोन हाय वं माया जागेवर बसून?"

आमिना ओल्या पायांनीच बहिणीकडे धावली.

त्याही गाड्यांची चाकं मग पाण्यात पडली. लाकूड केव्हाच फुगून धावेत घट्ट बसलं होतं. पण किसनरावानं विचारलं, की रहीम चाक चाचपायचा आणि म्हणायचा, "अजून भिजू द्या."