रॉकेलच्या डब्यातले वाण

आमच्या घराण्यात मोटारसायकल चालवणारा मी पहिला, आणि घरच्यांचे चालले असते तर शेवटचा. लढाई संपल्यावर लष्कराने भंगारात काढलेल्या गाड्यांतली एक मी उचलली. अमरावतीच्या बाजारात भाजी अन् फुले विकणाऱ्याला तिची काय गरज, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. (बाबा विचारत. रोज.)

तेवढ्यात अधिक महिना आला. धाकट्या बहिणीच्या, इंदूच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. जावयांना रजा मिळेना, म्हणून धोंड्याचे वाण अकोल्याला पोचवायचे ठरले. इंदूच्या सासूबाई माहेरावरून टोमणा मारल्याशिवाय तिला चहाही देत नसत. तेव्हा वाण असे जायला हवे होते की विहीणबाईंची बोलती बंद व्हावी!

"मी गाडीनं नेतो," मी म्हणालो.

"अन् अनारसे काय डोक्यावर ठेवशीन?" बाबा म्हणाले.

मग मी इरेला पेटलो. रॉकेलचे दोन रिकामे चौकोनी डबे घेतले, तोंडे कापली, कडा ठोकून आत वळवल्या, बिजागरीची झाकणे बसवली आणि लोखंडी पट्ट्यांनी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना आवळून टाकले. राखेने घासले, उन्हात तापवले. बोटे कापली, पण काय ऐट! अगदी साहेबी पेट्या!

"वास येऊन राहिला," आई म्हणाली.

"कुठं? मले तर नाई येत!"

"तुले कसा येईन? सकाळपासून त्यातच तोंड खुपसून बसला हायेस," बाबा म्हणाले.

अडाणी टीकेकडे शिकलेल्या माणसाने लक्ष देऊ नये. (मी मॅट्रिकपर्यंत पोचलो होतो. पुढे मॅट्रिकने मला जाऊ दिले नाही.) एका डब्यात तेहतीस अनारसे, दुसऱ्यात जावयांचे धोतर आणि इंदूचे लुगडे घालून मी निघालो.

मूर्तिजापूरला पाणी प्यायला थांबलो. त्या दिवसांत रॉकेल रेशनवर मिळे, म्हणजे मिळत नसे. एक म्हातारी शिशी घेऊन समोर उभी राहिली.

"कसं देल्लं रे, बाप्पा?"

"काय?"

"रॉकेल!"

"आजी, हे अनारसे हायेत!" मी झाकण उघडून दाखवले. असला भपकारा सुटला की म्हातारीचे डोळे भरून आले.

"वरून अनारसे अन् खाली रॉकेल! लय हुशार हाये बे पोट्टा!" मागून कोणीतरी कौतुकाने म्हणाले.

बघता बघता बाटल्यांचा गराडा पडला. मी किक मारून पळ काढला. असा पळणारा माणूस काळाबाजारवालाच असणार, याबद्दल मग कोणाला शंका उरली नाही.

अकोल्यात मला पत्ता विचारायची दुर्बुद्धी झाली. सांगणाऱ्याने आधी डबे पाहिले, मग हुंगले, आणि "चाला, दाखवतो," म्हणत घरोघर आरोळी ठोकली. इंदूच्या दारी मी पोचलो तो वरात घेऊनच! बाटल्या, तांबे; एका महाभागाने तर कळशी आणली होती.

दारात विहीणबाई. मागे इंदू, पांढरीफटक. आता पोरीला जन्मभर ऐकून घ्यावे लागणार, या विचाराने मी डब्यांपुढे आडवा उभा राहिलो.

"मावशी, हे वाण..."

विहीणबाईंनी गर्दी पाहिली, डबे पाहिले आणि खोल श्वास घेतला.

"इंदू," त्या मधासारख्या आवाजात म्हणाल्या, "तुया भावाचा रॉकेलचा धंदा हाये, हे सांगतलं काहून नाई, बाई?" मग गर्दीवर गरजल्या, "निंघा इथून! घरचं हाये, विकायचं नाई!"

आमची ओलिताची काळी जमीन, मळा, फुलबाग, कशानेही ती बाई कधी विरघळली नव्हती. मी काळाबाजार करतो म्हटल्यावर मात्र जेवायला इंदूचा पाट त्यांच्या शेजारी आला! जावयांनी अनारसा मुकाट्याने गिळला. विडी काढली, तर विहीणबाई ओरडल्या, "बाहेर जाऊन ओढ, पोटात भडका होईन!"

मी खरे सांगायला तोंड उघडले, तशी इंदूने चिमटा काढला. "दादा, चूप राय. आज पयल्यांदा मले 'बाई' म्हटलं त्याहीनं!"

तेव्हापासून अकोल्याला जाताना मी घरचे रेशनचे रॉकेल शिशीत भरून नेतो. इंदूचा मान शाबूत आहे. आमच्याकडे मात्र जेवणे उजेडातच उरकावी लागतात. अंधार पडला की बाबा माझ्याविषयी बोलू लागतात, आणि त्या वेळी माझे तोंड कोणाला दिसत नाही, एवढाच काय तो माझ्या धंद्यातला नफा!