सव्वा महिन्याची बाळंतीण

सहा फूट उंची, ओठांवर चिमण्या घरटं बांधतील अशा मिशा, आणि महाड-पोलादपूरची सगळी रिसॉर्टं या माणसाला सुईणबाबा म्हणायची. बाबांनी जन्मात एकाही बाईचं बाळंतपण केलं नव्हतं. ते पोहण्याच्या तलावांची बाळंतपणं करायचे. मुंबईच्या एका क्लबात तीस वर्षं तलाव सांभाळून ते पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आपल्या वाडीत परतले होते. घरी चार म्हशी होत्या, पण जीव पाण्यात अडकलेला. कुणाच्या तलावाला नवा गिलावा झाला की बाबांना बोलावणं जायचं.

मी तेव्हा पोलादपूरजवळच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर नुकतीच लागले होते. आमच्या तलावाचं आधीचं काम पार फसलेलं. नवा गिलावा झाल्यावर आठव्याच दिवशी शेठनी पाहुणे उतरवले होते. भिंतींवर डाग पडले, तळ खरखरीत झाला आणि पोरांचे गुडघे सोलून निघाले. म्हणून पुन्हा गिलावा केला, तेव्हा शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "या खेपेला बिघडलं तर मातीनं बुजवून लॉन करतो. चार लग्नं तरी लागतील."

बाबांचा चेहरा पडला. म्हैस विकायची म्हटल्यावर पडला नसता इतका पडला. "शेठ, मला सव्वा महिना द्या," ते म्हणाले. "बाळंतीन हाय ती. तिला कुनी शिवायचं नाय."

त्यात तथ्य होतं. नव्या पांढऱ्या सिमेंटमधला चुना महिनाभर पाण्यात उतरत राहतो. तोवर रोज मोजून अॅसिड द्यावं लागतं, नाहीतर तोच चुना भिंतींवर जाऊन बसतो. बाबांच्या शास्त्रात चुना म्हणजे बाळंतिणीच्या अंगातला ताप आणि अॅसिड म्हणजे काढा. त्यांनी माझ्याकडून एक पाटी लिहून घेतली, 'बाळंतीण आहे. शिवू नये.' आणि ती तलावाच्या कठड्याला टांगली. पुण्याच्या एक आजी ती वाचून काउंटरवर आल्या आणि हळूच विचारू लागल्या, "मुलगा की मुलगी?"

तलाव भरताना पाणी मध्ये थांबता कामा नये, हा बाबांचा पहिला नियम. थांबलं तर तिथे भिंतीवर पट्टा उमटतो आणि जन्मभर राहतो. नळीच्या तोंडाला जुनी गोधडी गुंडाळून, गिलाव्यावर धार पडू न देता, ते दीड दिवस काठावर बसून राहिले. जेवण तिथंच आणि डुलकी तिथंच. टँकरवाला दासगावच्या वळणावर चहाला थांबलाय असं कळल्यावर त्यांनी फोनवर त्याचा जो उद्धार केला, तो मला लिहिता येणार नाही.

मग रोज दोनदा लांब दांड्याच्या ब्रशनं तलाव घासायचा. याला ते न्हाऊ घालणं म्हणत. भिंतीवरून पिठासारखी पांढरी भुकटी सुटायची आणि बाबा "निघतंय, निघतंय" असं पुटपुटायचे. अॅसिड बालदीत पातळ करताना मात्र एकदम कडक. "ऐक गो बाय. बालदीत आधी पानी, मग अॅसिड. सून सासरी जाते, सासर काय सुनेकडं जात नाय. उलटं केलंस तर तोंडावर उडंल." एवढा पाण्याचा माणूस, पण मी त्यांना तलावात उतरलेलं कधी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाले, "सुईन कधी स्वता बाळंत व्हते का?"

अंघोळीला ते दर रविवारी सवच्या गरम झऱ्यांवर जायचे. मी एकदा चिडवलं, "त्या पाण्याचं अॅसिड कोण मोजतं हो बाबा?" ते म्हणाले, "देव. पन त्याच्या मागं शेठ नाय ना घाई करायला."

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मावशींनी त्यांना गाठलं. "येवढं बाळंतीन बाळंतीन करता, पाचवी कुनी पूजायची?" बाबांनी ब्रश बाजूला ठेवला आणि काठावर जागा करून दिली. मावशींनी काठावर पाटा-वरवंटा मांडला, तलावातल्याच पाण्यात हळद कालवली आणि कठड्याला बोट लावलं. हळद बघता बघता लाल झाली. मावशी किंचाळल्या, "सटवाई कोपली!" बाबा पोट धरून हसले. "हळदीत चुना पडला की कुंकू व्हतं गो, तुज्या आजीलाबी ठाव व्हतं. ताप हाय तिला, दुसरं काय नाय." त्या दिवसापासून पाण्यातला चुना ओळखायच्या बाटलीतल्या थेंबांची रोजची तपासणी झाली की बाबा वर हळदीचं एक बोटही लावून बघायचे. थेंबांवर त्यांचा विश्वास होता, पण हळदीवर जास्त.

बाराव्या दिवशी शेठनी घोळ घातला. त्यांच्या पुतण्याची हळद तुडीलला होती. तीन दिवसांनी हळद खेळून सगळं वऱ्हाड आमच्या तलावात डुंबणार, असं त्यांनी परस्पर ठरवलं. पाहुण्यांना वास नको म्हणून अॅसिडचे कॅन कोठीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. बाबांनी तपासणीचे थेंब टाकून गडद लाल झालेलं काचेच्या नळीतलं पाणी त्यांच्या नाकासमोर धरलं. शेठ म्हणाले, "मला तर टाकी निळीशार दिसतेय."

तीन दिवस बाबा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. काढा बंद, ताप चढतोय आणि सुईण दाराबाहेर. "लॉन करनार बघ तो," एवढंच मला म्हणायचे. मला शेठचा भयंकर राग आला होता, पण नोकरी नवी होती. मी गप्प बसले, याची अजून लाज वाटते.

पंधराव्या दिवशी दुपारी दोन गाड्या भरून वऱ्हाड आलं. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी माणसं. बाबा ब्रश आडवा धरून पायऱ्यांवर उभे. "आधी माज्या अंगावरनं जा." शेठ वऱ्हाडापेक्षाही पिवळे. "अहो, पाण्याला काय झालंय? हे बघा!" असं म्हणून ते काठावर बसले आणि कोपरापर्यंत हळदीनं माखलेले दोन्ही हात पाण्यात बुडवून खसाखसा चोळू लागले.

हात बाहेर आले ते लालभडक. बोटांवरून लाल ओघळ.

"अगो बाय, रगात!" वऱ्हाडातल्या एका काकूंनी आरोळी ठोकली. पुढची रांग मागच्या रांगेवर कोसळली. नवरदेव सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसला. शेठनी आपल्या हातांकडे पाहिलं, डोळे पांढरे केले आणि थेट बाबांच्या अंगावर कलंडले.

बाबांनी त्यांना मांडीवर घेतलं आणि शांतपणे हाक मारली, "मावशे, लिंबू आन." अर्धं लिंबू शेठच्या हातावर पिळलं. लाल हात पुन्हा पिवळा झाला. शेठनी एक डोळा उघडला. दुसऱ्या हातावरही पिळलं. तोही पिवळा.

"बघितलंत शेठ? लाल तो चुना. लिंबाचं आंबट, तसाच माजा काढा. किल्ली द्या."

शेठनी आडव्यानंच खिशात हात घालून किल्ली दिली.

सव्वा महिना भरला त्या दिवशी कठड्यावरचं बोट पिवळंच राहिलं. भिंती रेशमासारख्या गुळगुळीत. मावशींनी नारळ-तांदळानं तलावाची ओटी भरली, आणि पहिली उडी शेठनी मारली, पोटावर. बाबा मिशीत हसले आणि म्हशींचं दूध काढायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

बाबांना जाऊन वर्ष झालं. लॉन काही झालं नाही. यंदा तलावाला पुन्हा गिलावा केला, तेव्हा जुनी पाटी शेठनी स्वतः शोधून काढली, स्वतः टांगली आणि विचारणाऱ्या पाहुण्यांना "सव्वा महिना!" म्हणून डाफरले. आता मी मॅनेजर आहे, आणि काढा द्यायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

पाचव्या दिवशी मी काठावर हळदीचं बोट लावलं. ते लाल झालं. मी सवयीनं मागे वळून म्हणाले, "बाबा, ताप आहे." मागे कुणीच नव्हतं. मला फार रडू आलं. मग डोळे पुसले, बालदी ओढली आणि आधी पाणी घेतलं.