तळ्यातला जादा बांबू

दुबईत पाडव्याला श्रीखंड मिळतं, कडुलिंब तर रस्त्याच्या कडेलाच उभा असतो. मिळत नाही ती काठी. अकरा वर्षं आम्ही पडद्याच्या रॉडवर गुढी उभारली. त्यामुळे रास अल खोरच्या आमच्या गोदामात व्हिएतनामहून बांबूंचा कंटेनर येणार म्हटल्यावर माझ्या मनात जे आलं, ते आंतरराष्ट्रीय सहकार्य नव्हतं.

सहकार्य इतरांच्या मनात होतं. तिकडच्या एका जुन्या गावात सगळ्या गावाचं मिळून एक सभागृह आहे, त्याचं छप्पर मोडकळीला आलेलं. तीन-चार देशांची एक समिती ते वाचवणार होती. पण कसं, यावर घोडं अडलं होतं. समितीचा इंजिनिअर म्हणे, सिमेंट घाला आणि वरून बांबूचा रंग मारा. गावचा म्हातारा सुतार म्हणे, आमचा बांबू पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, दाखवतो. दुबई सगळ्यांना मध्ये पडते, म्हणून तो इथे एक पडवी उभारणार आणि ती बघून समिती ठरवणार. सामान सांभाळायचं काम आमच्या एक्झिबिशनवाल्या कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कंटेनर उघडला आणि आम्ही चार पावलं मागे सरलो. माझा गोदामातला सहकारी वसईचा, सुक्या बोंबलांत वाढलेला. त्यानंही रुमाल काढला.

"खलास," तो म्हणाला. "माल सडला, मॅन. आता तुझा नंबर."

संकटात मी डोकं शांत ठेवतो. ते बंदच असतं हे नंतर कळतं. सगळे बांबू फिनाइलनं धुऊन घेतले, त्यावर चकचकीत वॉर्निश, आणि वर ऊदाची धुरी. एक मात्र आधीच बाजूला काढला. बाकीचे मापात कापून भोकं पाडलेले होते, हा अख्खा, सरळसोट, आणि यादीत त्याच्यापुढे लिहिलेलं : जादा. जादा म्हणजे कुणाचाच नाही, असं मी ठरवलं. वसईकरानं तो माझ्या गाडीच्या टपावर बांधून दिला.

अल कुसैसला घरी पोचलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, गुढीला कडुलिंब बांधतात. तुम्ही गटार आणलंत."

मुलगी म्हणाली, "डॅड, इज धिस ईव्हन लीगल?"

तरी सकाळी बाल्कनीत गुढी उभी राहिली. बायकोनं पैठणी द्यायला साफ नकार दिला, सेलमधली ओढणी दिली. नैवेद्य दाखवून मी ऑफिसला गेलो.

गोदामात सुतारबाबा आले होते, सोबत दुभाषी म्हणून त्यांची भाची. त्यांनी एक बांबू हुंगला. दुसरा हुंगला. तिसऱ्यापाशी थांबून काहीतरी तुटक बोलले.

"मामा विचारतात, वास कुठे गेला?" भाची म्हणाली.

"काढला," मी म्हणालो, आणि कौतुकाची वाट पाहू लागलो.

मग तिनं समजावून सांगितलं. हे बांबू आठ महिने गावच्या तळ्यात, चिखलात बुडवून ठेवलेले. किड्याला आवडतं ते सगळं त्यात सडून निघून जातं. तिकडे लोक हुंगून बांबू घेतात. म्हणून एक जादा आणला होता, समितीसमोर फोडून इंजिनिअरच्या नाकाखाली धरायला. बाकीच्यांतला एकही कापला तर पडवी उभी राहणार नाही. समिती चारला येणार. तर तो जादा कुठे आहे?

वसईकर माझ्याकडे बघत होता. मी छताकडे बघत होतो. मग बाहेर जाऊन घरी फोन लावला.

"सूर्यास्ताआधी गुढी उतरायची नाही," बायको म्हणाली. "एका बांबूसाठी माझं वर्ष बिघडवायचं?"

"त्या बांबूसाठी त्यांचं सभागृह बिघडतंय."

"मग त्यांना इकडे घेऊन या. श्रीखंड भरपूर आहे."

मी भाचीला सगळं क्रमानं सांगितलं, चोरीसकट. ती सांगत गेली तसा म्हाताऱ्याचा चेहरा बदलत गेला. नव्या वर्षाचा बांबू? त्यांच्याकडेही नव्या वर्षाला बांबू उभारतात, आणि सातव्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत.

"मामा म्हणतात, तुमचा तर संध्याकाळीच उतरतो. थांबू."

अशा रीतीनं तीन-चार देश पडवी बघून आमच्या सोफ्यावर श्रीखंड-पुरी खायला बसले. इंजिनिअर बाल्कनीशेजारी होता. दुसऱ्या वाटीनंतर तो हळूच मला म्हणाला, "बिल्डिंगचं ड्रेनेज एकदा बघून घ्या."

सूर्य बुडाला. बायकोनं हळदकुंकू वाहून गुढी उतरवली. खाली पार्किंगमध्ये सुतारबाबांनी कोयत्याच्या एका घावात बांबू उभा चिरला आणि अर्धा इंजिनिअरच्या नाकाखाली धरला. तो मागे सरकला. मग खिशातला चाकू काढून आतून खरवडलं, पुन्हा हुंगलं, या वेळी आपणहून. वॉचमन लांबून बघत होता.

"सगळे असेच असतात?" इंजिनिअरनं विचारलं.

म्हातारा माझ्याकडे बघत बोलला. भाचीनं जरा अनमान करून सांगितलं, "ज्यांना हे साहेब भेटत नाहीत, ते."

इंजिनिअर हसला आणि सिमेंट त्या पार्किंगमध्येच निकालात निघालं.

जाताना बाबांनी उरलेला अर्धा बांबू माझ्या हातात दिला. पुढच्या पाडव्याला वापरा, पण धुऊ नका, असा निरोप भाचीनं दोनदा सांगितला.

"अर्ध्या काठीची गुढी उभी राहते का हो?" बायकोनं लिफ्टमध्ये विचारलं, नाक धरून.

मी म्हटलं, रॉडला बांधू.