हिरवट नवरी

दुपारचं जेवण झालं आहे, शटर अर्धं ओढलेलं आहे आणि वैजयंता घोलप गिऱ्हाइकांना फोटोसाठी बसवतात त्या बाकावर आडवी झाली आहे. झोपायचा तिचा इरादा नाही, ती विचार करते आहे. पण भात जेवून केलेला विचार फार वेळ उभा राहत नाही, हे फलटणात कुणीही सांगेल.

विचार एकच. आज दिगंबर भाऊजी आले की त्यांच्याकडून स्टुडिओची किल्ली मागून घ्यायची. धाकटा दीर, दुकानात बरोबरीचा भागीदार. किल्ली मागितली की घर फुटणार, हे तिला कळतं. पण करणार काय? ती कॉम्प्युटरवर रंग जुळवते, प्रिंट काढते, तिथंच धरून बघते. नवरी छान गव्हाळ. तीच नवरी गिऱ्हाइकाच्या घरी पोचते ती हिरवट होऊन. तिने शाई बदलली, कागदाप्रमाणे रंग ठरवणारं प्रोफाइल नव्याने टाकलं. रंग सांभाळायचं काम एकट्या सॉफ्टवेअरकडे ठेवून प्रिंटरचं बंद केलं, कारण दोघांनी सांभाळलं की एकाच आमटीत दोन जावांनी मीठ घातल्यासारखं होतं. उपयोग शून्य. काल नवरीच्या वडिलांनी, जगतापांनी, तिला रस्त्यावर बोलावून अल्बम उघडून दाखवला. "ताई, आमच्या पोरीला हळद लावली होती, शेवाळ नव्हतं."

यंत्र निर्दोष सुटलं, मग उरला माणूस. अल्बम पोचवायला भाऊजी जातात. सकाळी तिच्या आधी येऊन आतल्या खोलीत बसतात, काय करतात ते सांगत नाहीत. गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने देऊ, असंही एकदा बोलून गेलेत. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकते आहे.

पापणीला पापणी लागते न लागते तोच आतल्या खोलीत खुर्ची करकरते.

ती उठते. आतली खोली म्हणजे पूर्वीची डार्करूम, बिनखिडकीची. आता तिथे कॉम्प्युटर आहे, आणि कॉम्प्युटरपुढे आबा बसले आहेत. तिचे सासरे, या स्टुडिओचे मूळ धनी, पौषात वारलेले. अंगात नेहमीची बंडी, हातात माऊस.

वैजयंताला रडू यायला हवं. तिला येतो तो संशय.

"तुम्ही आबाच कशावरून?"

"सासऱ्याकडं आधार कार्ड मागतीस व्हय?"

"आबांना माऊस धरता येत नव्हता."

"मरून इतकं दिस झालं. दुसरं काम काय हाय तितं?"

उत्तर आबांच्याच तोंडचं आहे, तरी ती दारातच उभी राहते. आज किल्ली मागायची आणि आजच हे यावेत? मेला तरी बाप तो बापच, ती मनात म्हणते.

"भाऊजींची वकिली करायला आलात ना?"

आबा बटण दाबतात आणि खोलीचा मांडव होतो. अक्षतांचा वास आहे, पंगत बसली आहे. जगतापांची नवरी पाटावर, चेहरा गव्हाळ. आबा तिचा हात धरून तिला मांडवाबाहेर उन्हात नेतात. ती हिरवी होते. आत आणतात, पुन्हा गव्हाळ. नवरीला याचं काही वाटत नाही, ती मुंडावळ्या सावरते.

"कोण करतंय हे?" वैजयंता विचारते.

"वर बग."

मांडवाला छत नाही, आतल्या खोलीची भिंत आहे. भिंतीवर उंच आबांचाच फोटो, त्याला चंदनाचा हार आणि हारावर विजेचा लाल दिवा. तेराव्याच्या दिवशी भाऊजींनी लावलेला, अष्टौप्रहर जळणारा. कॉम्प्युटरवर, कागदावर, सगळीकडे त्याचाच उजेड. स्क्रीनवर चकाकी नको म्हणून ट्यूब तर ती लावतच नाही.

"मी ह्या खोलीत लाल दिव्याखाली जलम काढला," आबा म्हणतात. "काळंपांढरं धुवायला ब्येस उजेड. रंग त्यात बगू न्हाई. तुला सगळं तांबडं दिसतंय म्हणून तू तांबडं कमी करतीस, आन् नवरी हिरवी पडतीया."

"मग भाऊजी सकाळी इथे काय करतात?"

मांडव रिकामा होतो. फोटोखाली फरशीवर दिगंबर बसलेला आहे, हातात उदबत्ती, खांदे हलताहेत.

"त्येला घरात रडाय जागा न्हाई," आबा म्हणतात.

आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, हे तिला कळतं आणि स्वतःचा राग येतो. तरी तिचा स्वभावच संशयी.

"बोललात मात्र मुलाच्याच बाजूने."

"माझ्या बाजूनं बोलतोय. डोळ्यावर दिवा, झोप न्हाई." आबा बसल्या जागेवरून हात वर करतात, तो पार भिंतीवर पोचतो. ते दिवा फिरवून काढतात.

"आबा, हात भाजेल."

"मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई." ते दिवा तिच्या तळहातावर ठेवतात.

शटर खडखडतं.

ती बाकावर आहे. आतली खोली काळोखात आहे. मिटलेल्या मुठीत लाल दिवा आहे, आणि तो गरम आहे. फोटो इतका उंच आहे की स्टुलावर चढूनही तिचा हात पोचत नाही.

दारात दिगंबर उभा आहे. तो काळोखाकडे बघतो, मग तिच्या मुठीकडे. ज्या नजरेने ती महिनाभर त्याच्याकडे बघत होती, तीच नजर आता त्याची आहे.

"वहिनी, दिवा का काढला?"

किल्लीचं वाक्य तिने पाठ केलं होतं. ते ओठावर येत नाही.

"आबांनी काढला," ती म्हणते. "डोळ्यावर येतो, झोप लागत नाही म्हणाले."

तो हसत नाही, चिडतही नाही. पायऱ्या चढून दमल्यासारखा बाकावर तिच्याशेजारी बसतो. 

"मी रोज येऊन बसतो," तो म्हणतो. "मग माझ्याकडं का येत न्हाईत ते?"

 ती त्याचा हात ओढून घेते आणि दिवा त्याच्या तळहातावर ठेवते.

"धरा," ती म्हणते. "अजून गरम आहे."