भिवराबाईची गाठ

नांदूरघाटात बाळंतीण कुणाचीही असो, तिचे कान बांधायला भिवराबाईच जायची. दार ढकलून आत शिरायची आणि पहिलं फर्मान सोडायची, "खिडकी लावा गं!" आवाज असा खणखणीत, की अंगणातलं कुत्रंसुद्धा उठून बसायचं. तिची स्वतःची बाळंतपणं माजलगावकडं ऊसतोडीच्या कोपीत झाली. पाचटाच्या फटींतून वारा शिरायचा, म्हणून नवरा डोईचा पटका सोडून तिच्या कानांवर गुंडाळायचा. बाळंतिणीचा वैरी एकच, वारा, हे तिचं तेव्हापासूनचं शास्त्र.

सुनेच्या बाळंतपणात ते शास्त्र फसलं. बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आलेली योगिता म्हणाली, "आत्याबाई, डोकं लई दुखतंय. डोळ्यांपुढं अंधारी येती."

"वारं लागलं. रुमाल कावून सोडतीस?"

"गच्च होतोय ओ!"

भिवराबाईनं गाठ आणखी आवळली, बाजेखाली शेगडी सरकवली. आणि योगिताला झटके आले.

आता बीडच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दाराशी, ती नातीला मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या, रक्तदाब चढून मेंदूला त्रास झालाय, बाळंतपणानंतरही असं होतं. पण रक्तदाब तर म्हाताऱ्यांचा! आणि काचेपलीकडं तर यंत्रानं गार हवा सोडलेली. ज्या वाऱ्यापासून जन्मभर बायका राखल्या, त्याच वाऱ्यात ओली बाळंतीण निजवून हे लोक तिला वाचवणार?

"हरिओम, हे बरं करायलेत का वाईट?"

"मला काय म्हायती, आई?" लेक भिंतीकडं बघत म्हणाला.

तेवढ्यात सिस्टरनं दार उघडलं. "आजी, आत या. झटके थांबलेत, पण ती ओळख देत नाही. हाक मारून बघा."

नात हरिओमकडं देऊन ती आत गेली. तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. "योगे..." एवढीच कुजबुज निघाली. पापणी हलली नाही. हात गारठलेला. भिवराबाईला दुसरं येत तरी काय होतं? पदराखालचा रुमाल निघाला आणि सुनेच्या कानांवर बसला.

"आजी! काय करताय?"

"हितं वारं लई हाय, बाई. सैलच बांधते." बोटांनी मात्र सवयीनं गाठ आवळली.

योगिताचा हात उठला. चाचपडत कानापाशी गेला, रुमाल ओढला आणि धपकन खाली पडला.

"डॉक्टर! हिनं हात हलवला!" सिस्टर ओरडली.

"बघा की, घरीबी अशीच सोडायची," भिवराबाई म्हणाली. रागवावं की हसावं, तिला कळेना. रुमाल उशीवर पडला होता. तो तिनं उचलला, अर्ध्यावर धरला, आणि तशीच थबकली. सुनेचा हात पुन्हा काहीतरी शोधू लागला होता. तिनं त्यात आपलं बोट दिलं.

"लई गच्च धरलंस गं," ती म्हणाली, आणि बोट काही सोडवून घेतलं नाही.