अडखळण्याची तालीम

सत्तर सालाच्या आसपास मी कोल्हापुरात नगरपालिकेच्या एका मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. वर्गातल्या अकरा मुलींना धड वाचता येत नव्हतं. दुपारच्या सुट्टीनंतर त्यांना व्हरांड्यात बसवून मी तासभर वेगळं वाचन घेत असे. ही बातमी अध्यापक महाविद्यालयापर्यंत कशी पोचली कोण जाणे. पण तिथल्या एक प्राध्यापिका ह्या तासाचं निरीक्षण करायला येणार, असं पत्र आलं. त्यांचं संशोधनच ह्या विषयावर होतं.

हेडमास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि तयारीला लागले. भिंतींना चुना लागला. फळा काळा झाला. मग त्यांनी मला बोलावलं.

"बाई, त्या अकरा पोरी दाखवायच्या न्हाईत."

"सर, त्यांनाच बघायला त्या येणार आहेत."

"वाचाय न येणाऱ्या पोरी भाईरच्या माणसाला दाखवून शाळेची शोभा करायची व्हय? हुशार अकरा निवडा. त्यास्नी जरा अडखळत वाचाय शिकवा."

मी नोकरीत कायम झालेली नव्हते. मी हुशार अकरा निवडल्या.

अडखळायला शिकवणं अवघड असतं. हुशार मुली पहिल्या ओळीला थांबायच्या आणि पुढे सुसाट सुटायच्या. शेवटी मी त्यांच्या पुस्तकांत पेन्सिलीने खुणा केल्या. खूण आली की थांबायचं, दोनदा श्वास घ्यायचा. चार दिवसांत पाठ बसला. खऱ्या अकराजणींना त्या दिवशी मैदानातले खडे वेचायचं काम लावलं.

प्राध्यापिका आल्या. खुर्ची ठेवली होती, पण त्या सतरंजीवर मुलींच्या शेजारी बसल्या. पहिली मुलगी अडखळली. दुसरी त्याच शब्दाला अडखळली. तिसरीही. चौथीच्या वेळी त्यांनी वाकून तिच्या पुस्तकात पाहिलं.

"ह्या खुणा कशाच्या गं?"

"हितं थांबायचं. बाईंनी सांगितलंय," मुलगी म्हणाली.

हेडमास्तर छताकडे बघत राहिले. मी जमिनीकडे. प्राध्यापिका रागावल्या नाहीत. मैदानात कोण मुली आहेत, एवढंच त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांना बोलवा, असं त्या म्हणाल्या.

अकराजणी मातीच्या हातांनी आल्या. शिरोळकडून आलेली एक पुढे बसली. पुस्तकात होतं, "आई घरी नाही. ती विहिरीवर पाणी आणायला गेली आहे." तिने वाचलं, "आई घरात न्हाय. ती हिरीवर पाणी आणाय गेलीया."

"गेली आहे म्हण," मी सवयीने म्हणाले.

ती थांबली. मी टोकलं की ती थांबायची आणि तिचं वाचन तिथेच संपायचं.

"तुम्ही बोलू नका," प्राध्यापिका मला हळूच म्हणाल्या आणि तिला पुन्हा वाचायला सांगितलं. तिने अख्खं पान वाचलं, आपल्या बोलीत, कुठेही न थांबता. गोष्टीत काय झालं ते विचारलं, तेही नीट सांगितलं.

"हिला वाचता येतं," प्राध्यापिका म्हणाल्या. "वाचलेलं कळल्याशिवाय 'गेली आहे'चं 'गेलीया' कसं होईल?"

सात महिने मी तिला ह्याच चुकीसाठी अडवत होते. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले आणि जरा वेळ आतच उभी राहिले.

निरीक्षण पुढे पंधरा दिवस चाललं. अकरांतल्या चौघी अशाच निघाल्या. उरलेल्या सातजणींना मात्र खरंच येत नव्हतं. त्यांच्या बाबतीत माझं बरोबर होतं, पण त्याचा मला आनंद झाला नाही.

पुढे मी त्या मुलीला वाचताना टोकलं नाही. एकदा वाचून झाल्यावर 'आहे'वर बोट ठेवून दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हाईत हाय की, बाई. ते लिवायचं असतंय."

जूनमध्ये ती पाचवीत गेली. सातजणींतल्या दोघी चौथीतच, माझ्याकडे राहिल्या. त्यांचा तास मी व्हरांड्यातच चालू ठेवला.