शेवटच्या बाकावरून प्रभुभोजन

आमच्या चर्चच्या गोष्टी साठत जातात, कारण त्या ज्यांनी घडवल्या ते प्रार्थनेत डोळे मिटून असतात. डोळे उघडे असतात ते फक्त शेवटच्या बाकाचे. तिथं मी आणि आई बसतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस पुढच्या बाकांपासून फिरत येतात आणि आमच्या अलीकडच्या बाकापाशी मागं वळतात. बावीस वर्षं वळतायत. मी केमिकलचा डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरला सोडला, तेव्हापासून चर्चमधले सगळे मोठे लोक मला एकच विचारतात, 'रूथ, हल्ली काय करतेस?' हल्ली मी बघते. काय बघितलं ते सांगते.

* * *

सुरुवात माझ्या जन्माआधीची. आईनं कोर्टात लग्न केलं. मुलगा पाणीगेटचा मराठा, पणजोबा गायकवाडी फौजेतले, घरात देव्हारा. म्हणजे माझे बाबा. बडोद्याच्या आमच्या मराठी मंडळीच्या कमिटीनं ठरवलं की शालिनीला टेबलावरून थांबवायचं. चर्चला ये, गा, फुलं लाव, पण प्रभुभोजन नाही. परत हवं असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून 'लग्न ही माझी चूक झाली' म्हण.

आई त्यांना म्हणाली, 'म्हणायला काय, म्हणते. पण मग घरी जाऊन यांना कुठल्या तोंडानं जेवायला वाढू?'

कमिटीनं तो विषय पुढच्या मीटिंगला घेऊ असं लिहिलं. अजून तसंच लिहितात. आणि आईला ते घ्यायचंय. दर वेळी. हे मला माहितीये, कारण ट्रे वळला की ती बाकाच्या कडेला बोटं दाबून धरते.

* * *

गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमचा द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी. ते करणाऱ्या बाई मुलाकडे पादरा गावी राहायला गेल्या. दर महिन्याला ते झंझट कुणालाच नको होतं. मग एस्तेरमावशी आमच्या घरी आल्या. कमिटीतल्या एकुलत्या एक बाई. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, पातेली बघायला.

'शालिनी, तुझ्या हाताला चव आहे ने. तू करत जा.'

'मावशी, मला थांबवलंय. चालेल?'

'अगं, थांबवलंय ते तोंड,' मावशी म्हणाल्या. 'हात थोडाच थांबवलाय?'

आई तेव्हापासून करते. मी तिला म्हटलं, एकदा मीठ घाल. ती हसली पण घातलं नाही. कधीकधी मला संशय येतो, तिला हे काम आवडतं.

* * *

एका मे महिन्यात रस शुक्रवारपासून चर्चच्या कपाटात राहिला आणि रविवारी बाटलीचं बूच आपोआप उडालं. फेस आला. सालोमनकाका धावत आले. हे कमिटीचे सेक्रेटरी, नंदेसरीच्या कारखान्यात लॅबमध्ये होते, रिटायर झाले तरी कोट उतरला नाही असे. त्यांनी घरून हायड्रोमीटर आणला. काचेची नळी, आकडे असलेली, द्रव जड की हलका ते सांगणारी. रसात बुडवली आणि जाहीर केलं, 'अल्कोहोल आहे. पोलीस केस होईल.'

मी म्हटलं, 'काका, उकळल्यावर पहिलं रीडिंग घेतलं होतं का? दोन रीडिंगशिवाय कसं कळणार?'

'ज्यांनी शिक्षण अर्धवट सोडलं त्यांनी शिकवू नये.'

'अर्धवट शिकले त्यातलंच सांगतेय.'

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, खिडकीबाहेर पाहिलं. ते अशा वेळी खिडकीबाहेरच पाहतात. शेवटी काका म्हणाले, चवीनं ठरवू. एक ग्लास घेतला. डोळे बारीक केले. दुसरा घेतला. तिसऱ्यानंतर ओठ पुसून म्हणाले, 'अजून नक्की सांगता येत नाही.'

* * *

प्रभुभोजनाआधी पाळक सांगतात, प्रत्येकानं आपापल्या मनात डोकावून पाहावं. एस्तेरमावशी दुसऱ्यांच्या मनात पाहतात. प्रार्थनेत त्यांचा एक डोळा मिटलेला असतो, दुसरा ट्रेवर. कुणी भाकर नाकारली की तो पापात आहे, हिशेब संपला.

एकदा तिसऱ्या बाकावरच्या प्रकाशमामांनी नाकारली. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी फिरली की मामांचं ऑफिसात कुणाशी तरी आहे. संध्याकाळी मावशी, सालोमनकाका आणि पाळक त्यांच्या घरी. मी रसासाठी रिकाम्या बाटल्या मागायला मामींकडे गेले होते, म्हणून सगळं समोर पाहिलं.

मामांनी आदल्या दिवशी दाढ काढली होती. तोंडात कापूस. बोलता येईना.

काकांनी विचारलं, 'मनात काही आहे का? कबूल करायचंय?'

मामांच्या डोळ्यांत दुखून पाणी आलं आणि त्यांनी गालाला हात लावून मान हलवली. तिघांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून अर्धा तास क्षमेची प्रार्थना केली. पुढच्या महिन्यात मामांनी भाकरीसाठी सगळ्यांत आधी हात पुढं केला. आता ते दात किडला तरी घेतात.

* * *

पाळक आजारी होते म्हणून एका जानेवारीत प्रभुभोजन पुढं गेलं आणि नेमकं उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी आलं. अख्खं बडोदं गच्चीवर पतंग उडवतंय, एकही बेकरी उघडी नाही. आदल्या दिवशी ब्रेड आणायला सगळे विसरले होते. कुणीतरी शोधून टुटीफ्रुटीचा बन आणला.

आई मागून म्हणाली, 'मी घरून चपात्या करून आणते. वीस मिनिटं लागतील.'

सालोमनकाका म्हणाले, 'नको. तुझ्या घरात मूर्ती आहेत.'

मी म्हटलं, 'काका, मनुकाही त्याच गॅसवर उकळतात.'

काकांनी विचार केला. लॅबमध्ये करत असतील तसाच. म्हणाले, 'द्रव पदार्थाचं वेगळं असतं.'

मग कमिटीचे चार जण सेफ्टी पिना घेऊन बनमधले लाल-हिरवे तुकडे कोरत बसले. वरून पतंग कापल्याच्या 'काईपो छे' आरोळ्या चालू. पाळकांनी बन उचलून दोन्ही हातांनी वर धरला, प्रार्थना सुरू केली, आणि बनच्या खालच्या बाजूला एक हिरवा चौकोन चिकटलेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, सगळ्या मंडळीचे डोळे उघडे.

* * *

मागच्या महिन्यात आईचा पाय मुरगळला. बाबा एरवी तिला गेटपाशी सोडतात आणि स्कूटरवर बसून पेपर वाचतात. त्या दिवशी तिला धरून आत आणावं लागलं. आणलं आणि शेजारीच बसले, बूट काढून बाकाखाली ठेवून.

आमचे पाळक सुट्टीवर होते. नगरकडचे पाहुणे पाळक आलेले. त्यांना कोण कुठल्या बाकाचं ते कुणी सांगितलं नव्हतं. भाकरीची थाळी घेऊन ते स्वतः फिरले आणि वळायच्या जागी वळलेच नाहीत. मागं सालोमनकाका कपांचा ट्रे घेऊन, घाईघाईनं.

आईनं चटकन हात पदराखाली घेतले. पाळकांना वाटलं तिला नको असेल. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ पुढं केली. पाळकांनी भाकर ठेवली.

'साहेब, ते आपले नाहीत,' काका कुजबुजले. सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

'आता दिलं,' पाळक म्हणाले.

बाबांनी तो सुपारीएवढा तुकडा कपाळाला लावला. नखानं मधोमध तोडला. अर्धा आईच्या पदरापाशी नेला आणि म्हणाले, 'घे.'

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढं कुणाकडेच पाहिलं नाही. हात बाहेर काढला, तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.

चर्च सुटल्यावर कमिटी तिथंच दारात उभी राहिली. पाळकांनी दिलेलं खरं, पण तिला पाळकांनी दिलेलं नाही. देणारा बाप्तिस्मा न घेतलेला. मग तिनं घेतलं असं धरायचं की नाही? एस्तेरमावशी म्हणाल्या, नाही धरायचं. कुणीतरी म्हणालं, पण पोटात तर गेलं. सालोमनकाका वही उघडून बाबांसमोर आले. बाबा खाली बसून आईच्या सुजलेल्या पायात चप्पल घालत होते.

'तुम्ही काय समजून घेतलंत ते?'

'त्यांनी दिलं, म्हणून घेतलं.'

'आणि हिला का दिलंत?'

बाबांनी चपलेचा पट्टा लावला, मग वर पाहिलं.

'शेजारी बसली होती,' ते म्हणाले.